पंचेचाळीस मिनिटांचा प्रश्न

आज आपल्याकडे कोणत्याही शहरातील प्रसूतिगृहात सिझेरियन शस्त्रक्रिया ठरली, की भूलतज्ज्ञ रुग्ण महिलेला कुशीवर वळवून किंवा बसवून पाठ बाकदार करायला सांगतात आणि कमरेच्या मणक्यांच्या मधल्या जागेतून एक बारीक सुई आत घालतात. काही मिनिटांतच पाय जड होतात, कमरेखालचा भाग बधिर होतो आणि ती माता शुद्धीवर असतानाच बाळाचे पहिले रडणे ऐकते. हर्निया, प्रोस्टेट, गुडघ्याचे सांधेरोपण, मोडलेले खुब्याचे हाड, अशा कितीतरी शस्त्रक्रिया आज याच पद्धतीने होतात. या इंजेक्शनची आपल्याला इतकी सवय झाली आहे, की त्यामागे एका शल्यचिकित्सकाने स्वतःच्या पाठीत टोचून घेतलेली सुई आहे, याची आठवण क्वचितच कोणाला होते. ऑगस्ट बिअर हे त्या शल्यचिकित्सकाचे नाव. जर्मनीत जन्मलेल्या या माणसाने वेदनेवर मात करण्याचा एक नवा मार्ग १८९८ मध्ये जगाला दाखविला. मात्र त्याच प्रयोगाने एक अवघड प्रश्नही मागे ठेवला. कण्यातून दिलेली भूल टिकणार किती वेळ? ती वाढवायची तर कशाच्या मदतीने, आणि त्यासाठी रुग्णाने काय किंमत मोजायची? सव्वाशे वर्षांनंतरही भूलशास्त्र या प्रश्नाचे उत्तर अधिकाधिक अचूक करण्याच्या प्रयत्नात आहे.

कीलमधील दिवस

ऑगस्ट कार्ल गुस्ताव्ह बिअर यांचा जन्म २४ नोव्हेंबर १८६१ रोजी जर्मनीतील वाल्डेक या लहानशा संस्थानातील हेल्सेन गावी झाला. वडील भूमापक होते. रानावनाची आणि झाडाझुडपांची ओढ ऑगस्टला लहानपणीच लागली आणि ती अखेरपर्यंत टिकली. वैद्यकीय शिक्षण बर्लिन, लाइपझिग आणि कील येथे झाल्यावर बाल्टिक समुद्रकाठच्या कील येथील विद्यापीठात ते फ्रीडरिश फॉन एस्मार्क या विख्यात शल्यचिकित्सकाचे सहायक झाले.

एस्मार्क हे लष्करी शल्यचिकित्सेतील मोठे नाव होते. हाता-पायाच्या शस्त्रक्रियेपूर्वी तो अवयव रबरी पट्टीने घट्ट गुंडाळून त्यातील रक्त वर सारायचे आणि मग वरच्या बाजूला पट्टा आवळून रक्तप्रवाह रोखून धरायचा, ही त्यांनी १८७३ मध्ये जाहीर केलेली पद्धत जगभर पोहोचली होती. ती पट्टी आजही एस्मार्क यांच्या नावानेच ओळखली जाते. रक्त कोठे जाऊ द्यायचे आणि कोठे अडवायचे, हा विचार बिअर यांनी आपल्या गुरूकडूनच उचलला. पुढे त्यांच्या जवळपास प्रत्येक महत्त्वाच्या कामात ही पट्टी कोणत्या ना कोणत्या रूपात भेटते, म्हणून तिची नोंद येथेच घेतलेली बरी.

त्या काळी शस्त्रक्रियेसाठी भूल म्हणजे क्लोरोफॉर्म किंवा ईथर. तोंडावर जाळीचा मुखवटा ठेवून त्यावर थेंब थेंब औषध टाकले जाई. भूल देण्याचे काम बहुधा एखाद्या कनिष्ठ सहायकाकडे असे. औषध थोडे अधिक झाले तर श्वास किंवा हृदय बंद पडण्याची भीती असे आणि शुद्धीवर आल्यानंतर उलट्यांनी रुग्ण हैराण होई. संपूर्ण शरीराला बेशुद्ध न करता केवळ हवा तेवढाच भाग बधिर करता आला तर, हा विचार अनेकांच्या मनात घोळत होता. १८८४ मध्ये व्हिएन्नातील कार्ल कोलर यांनी कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर होतो हे दाखवून दिले आणि स्थानिक भुलेचे युग सुरू झाले. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कचे मज्जाविकारतज्ज्ञ जेम्स लिओनार्ड कॉर्निंग यांनी पाठीच्या मणक्यांजवळ कोकेन टोचून पाय बधिर करण्याचा प्रयोग केला. त्यांचे औषध मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात पोहोचले होते की त्याच्या बाहेरच राहिले, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. त्याच वर्षी कॉर्निंग यांनी आणखी एक गोष्ट नोंदवून ठेवली. कोकेन टोचलेल्या हाताचा रक्तप्रवाह पट्ट्याने अडवला, तर बधिरता अधिक काळ टिकते. औषधाचा परिणाम संपतो तो रक्त ते वाहून नेते म्हणून, हा याचा अर्थ होता.

मज्जारज्जूभोवतीच्या द्रवापर्यंत सुई सुरक्षितपणे नेण्याची रीत मात्र कीलमध्येच तयार झाली होती. तेथील वैद्यकशास्त्राचे प्राध्यापक हाइनरिश क्विंके यांनी १८९१ मध्ये कमरेच्या मणक्यांमधून सुई घालून तो द्रव बाहेर काढण्याची पद्धत प्रसिद्ध केली. मेंदूवरील दाब कमी करणे आणि रोगनिदान करणे हा त्यांचा हेतू होता. जी सुई द्रव बाहेर काढू शकते, तीच औषध आतही सोडू शकेल, हे बिअर यांनी ताडले.

ऑगस्ट १८९८

१६ ऑगस्ट १८९८ रोजी चौतीस वर्षांचा एक मजूर कीलच्या शल्यचिकित्सालयात शस्त्रक्रियेच्या टेबलावर होता. क्षयाने त्याचा डावा घोटा पोखरला होता. याआधीच्या शस्त्रक्रियांत संपूर्ण भुलेचा त्याला इतका त्रास झाला होता, की पुन्हा तशी भूल देणे धोक्याचे होते. बिअर यांनी त्याच्या कमरेच्या मणक्यांमधून सुई घातली आणि पंधरा मिलिग्रॅम कोकेन मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात सोडले. वीस मिनिटांनंतर घोट्याच्या हाडाचा सडलेला भाग कापून काढण्यात आला आणि रुग्णाला वेदना झाली नाही. नंतर मात्र त्याला उलट्या झाल्या, डोके दुखले आणि पाठही दुखू लागली. यानंतर आणखी पाच रुग्णांवर याच पद्धतीने पायांच्या शस्त्रक्रिया झाल्या. त्यांत मुलेही होती. शस्त्रक्रिया वेदनारहित होत होत्या, पण नंतरचा त्रास अनेकांच्या वाट्याला येत होता.

आपल्या औषधामुळे रुग्णांना नेमके काय सोसावे लागते, हे स्वतः अनुभवल्याशिवाय पुढे जाऊ नये, असे बिअर यांना वाटले. २४ ऑगस्टच्या संध्याकाळी त्यांनी आपले सहायक ऑगस्ट हिल्डेब्रांट यांना स्वतःच्या पाठीत सुई घालायला सांगितले. सुई नीट गेली, परंतु पिचकारीचे तोंड सुईला बसेना. ती बसविण्याच्या खटपटीत बिअर यांच्या कण्यातील बराच द्रव वाहून गेला आणि बहुतेक कोकेनही बाहेरच सांडले. प्रयोग फसला. तेव्हा हिल्डेब्रांट यांनी स्वतःला पुढे केले.

या वेळी पाच मिलिग्रॅम कोकेन योग्य जागी पोहोचले. त्यानंतर वैद्यकाच्या इतिहासातील एक विलक्षण तपासणी सुरू झाली. बिअर यांनी सहकाऱ्याच्या मांडीत सुई टोचली, त्वचेला छेद दिला, जळती सिगार पायाला लावली, नडगीवर लोखंडी हातोडीने जोरात प्रहार केला. हिल्डेब्रांट यांना स्पर्श आणि दाब जाणवत होता, वेदना नव्हती. प्रत्येक चाचणीची वेळ मिनिटागणिक टिपली जात होती. सुमारे पंचेचाळीस मिनिटांनी संवेदना परतू लागल्या. कण्यातून दिलेल्या भुलेचे आयुष्य मोजणारी ही आद्य नोंद होय.

प्रयोग यशस्वी झाल्याच्या आनंदात दोघांनी एकत्र जेवण केले, वाइन घेतली आणि सिगार ओढल्या. त्या आनंदाची किंमत दुसऱ्या दिवसापासून कळू लागली. हिल्डेब्रांट यांना उलट्या आणि डोकेदुखीने ग्रासले. बधिर असताना खाल्लेल्या माराने त्यांच्या नडग्या काळ्यानिळ्या झाल्या होत्या. बिअर यांना उठून बसले की डोके असह्य दुखे आणि आडवे झाले की थांबे. ते नऊ दिवस अंथरुणाला खिळून होते. कण्यातील द्रव गळून गेल्यामुळेच ही डोकेदुखी होत असावी, असा तर्क त्यांनी मांडला. तो बरोबर ठरला. आज याच कारणासाठी भूलतज्ज्ञ केसाइतकी बारीक, पेन्सिलीच्या टोकासारखी सुई वापरतात. त्या डोकेदुखीचे प्रमाण पुढे घटत गेले, त्याचे मूळ या नऊ दिवसांच्या अनुभवात आहे.

स्वतःच्या शोधावर लगाम

१८९९ मध्ये बिअर यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. लेखावर नाव त्यांचे एकट्याचे होते. ज्या सहायकाने नडगीवर हातोडीचे घाव झेलले, त्याचे नाव लेखक म्हणून आले नाही. पुढे या दोघांतील संबंध बिघडले. वैद्यकाच्या इतिहासात हिल्डेब्रांट यांचा उल्लेख आजही प्रयोगाचा विषय म्हणूनच अधिक होतो, आणि बिअर यांच्या थोर चरित्रातील ही उणीव झाकून ठेवण्याचे कारण नाही.

त्याच लेखात बिअर यांचा मोठेपणाही दिसतो. एवढ्या थोड्या कोकेनने शरीराचा एवढा मोठा भाग बधिर होतो, हे सिद्ध झाले होते. एखाद्याने या यशाचा डंका पिटला असता. बिअर यांनी मात्र या पद्धतीचा त्रास अद्याप संपूर्ण भुलेच्या त्रासापेक्षा कमी नाही, असे मत नोंदविले आणि ती सर्रास वापरायला ते स्वतःच कचरले. पॅरिसमध्ये थिओडोर तुफिए यांनी १८९९ च्या अखेरीपासून ही पद्धत उत्साहाने हाती घेतली आणि पाहता पाहता ती युरोप-अमेरिकेत पसरली. जनक मात्र थांबा, आधी औषध सुरक्षित करू, असे सांगणाऱ्यांच्या बाजूला उभा होता.

अडचण दुहेरी होती. कोकेन विषारी होते, म्हणून मात्रा वाढविता येत नव्हती आणि मात्रा न वाढविता भूल लांबविता येत नव्हती. संपूर्ण भूल देताना मुखवट्यावर आणखी थेंब टाकता येतात. कण्यातील भूल मात्र एकदाच दिली जाते. सुई बाहेर आली, की घड्याळ सुरू होते. शल्यचिकित्सकाचा हात कितीही कुशल असला, तरी पोट उघडल्यावर अनपेक्षित गुंतागुंत निघाली आणि भूल उतरू लागली, तर त्या टेबलावरच्या माणसाचे काय? पंचेचाळीस मिनिटांच्या त्या नोंदीत दडलेला हा प्रश्न होता.

रासायनिक पट्टी

उत्तर एका वेगळ्याच दिशेने आले. अमेरिकेत काम करणारे जपानी रसायनशास्त्रज्ञ जोकिची ताकामिने यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मूत्रपिंडावरील ग्रंथीतून अॅड्रिनलीन शुद्ध स्वरूपात वेगळे केले. हे द्रव्य रक्तवाहिन्यांना आकुंचित करते. लाइपझिगचे शल्यचिकित्सक हाइनरिश ब्राउन यांनी १९०३ मध्ये त्याचा उपयोग स्थानिक भुलेसाठी करून दाखविला. कोकेनमध्ये अॅड्रिनलीनचा किंचित अंश मिसळला, की त्या जागेतील रक्तवाहिन्या आवळल्या जातात, कोकेन रक्तात हळूहळू शिरते, बधिरता जास्त वेळ टिकते आणि विषबाधेचा धोकाही घटतो. एस्मार्क यांची रबरी पट्टी बाहेरून जे काम करीत होती, तेच काम औषधाचा एक थेंब आतून करू लागला. ब्राउन यांच्या या कल्पनेला रासायनिक पट्टी म्हटले गेले, ते अत्यंत सार्थ होते. दंतवैद्याने हिरडीत इंजेक्शन दिल्यावर तासभर ओठ जड राहतो, त्यामागेही बहुधा हीच जोड असते.

या सुमारास बिअर ग्राइफ्सवाल्ड येथील चार वर्षांच्या प्राध्यापकीनंतर १९०३ मध्ये बॉनला आले होते. तेथील त्यांचे सहकारी डोनिट्झ यांनी त्याच वर्षी कण्यातील कोकेनला अॅड्रिनलीनची जोड देण्याविषयीचे काम प्रसिद्ध केले. कण्यातील भुलेचा काळ आणि तिची सुरक्षितता दुसऱ्या औषधाच्या साह्याने वाढविण्याच्या प्रयत्नांची ही सुरुवात. पुढच्या दोन-तीन वर्षांत कोकेनची जागा घेणारी नवी औषधेही आली. फ्रान्समध्ये एर्नेस्ट फूर्नो यांनी स्टोव्हेन तयार केले, तर जर्मनीत आल्फ्रेड आइनहॉर्न यांनी नोव्होकेन. नोव्होकेन कोकेनच्या मानाने पुष्कळच सौम्य होते, पण त्याचा परिणाम लवकर ओसरे. ब्राउन यांनी १९०५ मध्ये त्याला अॅड्रिनलीनची जोड दिली आणि ते खऱ्या अर्थाने उपयोगी झाले. १९०७ मध्ये लंडनच्या आर्थर बार्कर यांनी औषधात ग्लुकोज मिसळून ते कण्यातील द्रवापेक्षा जड केले. जड औषध खाली उतरते, म्हणून रुग्णाला ज्या कलाने ठेवावे त्याप्रमाणे भूल कोठपर्यंत चढणार हे ठरविता येऊ लागले. ज्या त्रासामुळे बिअर यांनी आपल्या शोधावर लगाम घातला होता, तो कमी झाल्यावर त्यांनी स्वतःही ही पद्धत पुन्हा हाती घेतली.

१९०३ मध्येच त्यांचा रक्तसंचयाने उपचार करण्याविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. क्षयाने सुजलेल्या सांध्याच्या वर रबरी पट्टा हलकेच आवळून तेथे रक्त साठू द्यायचे आणि शरीराच्या प्रतिकारशक्तीला वाव द्यायचा, अशी ती पद्धत होती. प्रतिजैविकांच्या आगमनानंतर ती मागे पडली, पण त्या काळी बिअर यांचे नाव सर्वाधिक गाजले ते तिच्यामुळेच.

१९०७ मध्ये एर्न्स्ट फॉन बेर्गमान यांच्या निधनानंतर बर्लिन विद्यापीठातील शल्यचिकित्सेचे मानाचे अध्यासन बिअर यांच्याकडे आले. पुढच्याच वर्षी त्यांनी भुलेची दुसरी नवी पद्धत जगापुढे ठेवली. एस्मार्क यांच्या पट्टीने हातातील रक्त वर सारायचे, दोन पट्ट्यांच्या मधल्या भागातील शिरेत नोव्होकेन सोडायचे, म्हणजे तेवढा हात बधिर होतो आणि पट्टा आवळलेला असेपर्यंत बधिरच राहतो. भूल किती वेळ टिकेल हे येथे पट्टा ठरवितो. कण्यात पट्टा बांधता येत नाही, हाताला येतो, हे ओळखून केलेली ही योजना होती. पुढे ही पद्धत विस्मृतीत गेली. १९६३ मध्ये न्यूझीलंडचे होम्स यांनी नव्या औषधासह तिचे पुनरुज्जीवन केले आणि मनगटाच्या लहान शस्त्रक्रियांसाठी ती आजही बिअर यांच्या नावाने वापरली जाते.

कीर्ती आणि तिची सावली

पहिल्या महायुद्धात बिअर लष्कराचे सल्लागार शल्यचिकित्सक होते. तोफगोळ्यांच्या बारीक तुकड्यांनी सैनिकांच्या डोक्याला होणाऱ्या जखमा पाहून ते अस्वस्थ झाले. जर्मन सैनिक तेव्हा चामड्याची टोपी घालीत. अभियंता फ्रीडरिश श्व्हेर्ड यांच्यासह बिअर यांनी पोलादी शिरस्त्राणाचा आग्रह धरला आणि १९१६ पासून ते सैन्यात आले. १९२० मध्ये बर्लिनमध्ये शारीरिक शिक्षणाचे उच्च विद्यालय स्थापन झाले, तेव्हा त्याचे पहिले प्रमुखपद बिअर यांच्याकडे आले. जर्मनीतील बड्या असामी त्यांच्याकडे उपचारासाठी येत. १९२५ च्या फेब्रुवारीत जर्मन प्रजासत्ताकाचे पहिले अध्यक्ष फ्रीडरिश एबर्ट यांच्यावर त्यांनीच आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया केली. मात्र एबर्ट वाचू शकले नाहीत.

त्याच वर्षी बिअर यांनी होमिओपॅथीचा खुल्या मनाने विचार व्हावा, असे सुचविणारा लेख एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात लिहिला. सहकाऱ्यांनी त्यावर टीकेची झोड उठविली. विज्ञानाच्या कसोटीवर त्यांची ही बाजू टिकली नाही.

याहून गडद सावली पुढे पडली. १९३७ मध्ये हिटलरच्या राजवटीने नोबेल पारितोषिकाला पर्याय म्हणून सुरू केलेला राष्ट्रीय पुरस्कार बिअर आणि शल्यचिकित्सक फेर्डिनांड झाउअरब्रुख यांना विभागून देण्यात आला. तो त्यांनी स्वीकारला. त्या राजवटीने अनेक ज्यू डॉक्टरांना देशोधडीला लावले होते. स्वतःच्या शोधाविषयी एवढा सावध असणारा माणूस सत्तेच्या गौरवापुढे तसा सावध राहिला नाही, हे खेदाने नोंदवावे लागते.

साउएनचे रान

बर्लिनच्या आग्नेयेस साउएन नावाच्या गावी बिअर यांनी १९१२ मध्ये एक जमीन विकत घेतली होती. वाळूची निकृष्ट जमीन आणि तिच्यावर एकाच जातीची पाइनची झाडे, असे ते रान होते. एकाच जातीच्या झाडांनी जमीन थकते, कीड पडली तर सगळे रान एकदम जाते. बिअर यांनी तेथे पानगळीची नाना प्रकारची झाडे आणि झुडपे लावून मिश्र वन उभे करायला घेतले. बर्लिनमधील शस्त्रक्रियागृहाच्या जोडीने त्यांनी हे काम केले आणि निवृत्तीनंतरचे आयुष्य त्यालाच वाहिले. १२ मार्च १९४९ रोजी वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी साउएन येथेच त्यांचे निधन झाले. त्यांची समाधी त्यांनी वाढविलेल्या रानातच आहे आणि ते रान आजही वनशास्त्राच्या अभ्यासकांना बोलावत असते.

प्रश्न पुढे चालू

बिअर गेले, त्यांनी मागे ठेवलेला प्रश्न उरला. त्यांच्या हयातीतच एक वाट कोणीतरी शोधली होती. रुमानियाचे शल्यचिकित्सक राकोव्हिचानू-पिटेश्टी यांनी १९०१ मध्ये पॅरिसला कण्यात कोकेनबरोबर मॉर्फिन दिल्याचा अनुभव सांगितला होता. ते कसे काम करते हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हते आणि ती वाट बुजून गेली. १९७० च्या दशकात मज्जारज्जूवर अफूवर्गीय औषधांना ओळखणारे बिंदू असतात हे समजले. १९७९ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी कर्करोगाच्या वेदनांनी तळमळणाऱ्या रुग्णांना कण्यातून अत्यल्प मॉर्फिन देऊन दीर्घकाळ आराम मिळवून दिला आणि मार्ग मोकळा झाला.

अॅड्रिनलीन औषधाला वाहून जाऊ देत नाही. मॉर्फिन वेगळेच काम करते. ते मज्जारज्जूतच वेदनेचा निरोप अडविते. भुलेने आलेला पायांचा जडपणा उतरला, तरी वेदनेपासून मिळणारा आराम टिकतो. सिझेरियनच्या वेळी कण्यातून दिलेले मॉर्फिन जवळपास दिवसभर वेदना आवरते, त्यामुळे माता लवकर उठून बाळाला जवळ घेऊ शकते. त्याची किंमतही असते. अंगाला खाज सुटते, मळमळते, आणि क्वचित काही तासांनी श्वास मंदावू शकतो, म्हणून अशा रुग्णावर लक्ष ठेवावे लागते. फेंटॅनिल हे त्याच वर्गातील औषध लवकर काम करते आणि लवकर ओसरते. मुख्य औषध कमी देऊनही भूल चांगली लागावी, यासाठी ते वापरतात. मुख्य औषध कमी झाले, की रक्तदाब घसरण्याचा धोकाही कमी होतो.

त्यानंतर क्लोनिडीन आले. नाक मोकळे करण्याच्या औषधाच्या शोधात सापडलेले आणि पुढे रक्तदाबावर वापरले गेलेले हे औषध कण्यात भुलेची मुदत वाढविते, हे लक्षात आले. त्याच कुळातील डेक्समेडेटोमिडीन मुळात अतिदक्षता विभागातील रुग्णांना शांत ठेवण्यासाठीचे. काही मायक्रोग्रॅम एवढ्याच मात्रेने ते भूल लक्षणीय लांबविते, असे अनेक अभ्यासांत दिसून आले. त्यांत भारतातील वैद्यकीय महाविद्यालयांतील अभ्यासांची संख्या मोठी आहे. मात्र त्यानेही नाडी मंदावू शकते, रक्तदाब घटू शकतो. शिवाय कण्यात जाणारे प्रत्येक औषध संरक्षक रसायनांपासून मुक्त असावे लागते, कारण शिरेत जे चालते ते मज्जारज्जूला चालेलच असे नाही. आणि भूल लांबली म्हणजे पायांत बळ यायला आणि लघवी होण्यालाही उशीर लागतो. तासाभराच्या शस्त्रक्रियेसाठी चार तासांची भूल ही रुग्णाची सोय नसते.

म्हणूनच आजचा भूलतज्ज्ञ सुई हातात घेण्यापूर्वी शस्त्रक्रिया किती वेळ चालेल, रुग्णाचे हृदय कसे आहे, त्याला घरी कधी जायचे आहे, नंतर किती वेदना होणार आहे, याचा हिशोब मांडतो आणि मगच पिचकारीत काय मिसळायचे ते ठरवितो. मुख्य औषधही आता बदलले आहे. १९५७ मध्ये तयार झालेले ब्युपिव्हाकेन एकट्यानेही साधारण दीड ते तीन तास पुरते. जोडीच्या औषधाचा थेंब त्यात पडतो तो नेमक्या गरजेपुरता.

कमरेतील इंजेक्शनमुळे पाठ जन्मभर दुखते, हा आपल्याकडे घरोघरी ऐकू येणारा समज. सुईच्या जागी काही दिवस दुखू शकते, पण कायमच्या पाठदुखीचा दोष तिच्यावर टाकण्यास शास्त्रीय आधार मिळालेला नाही. बाळंतपणानंतरच्या पाठदुखीला गरोदरपणातील बदल, बाळाला घेऊन वाकणे, व्यायामाचा अभाव, अशी इतर कारणे पुष्कळ असतात. भीती वाटत असेल तर शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञाशी बोलावे. कोणते औषध देणार, परिणाम किती वेळ टिकणार आणि नंतर काय त्रास होऊ शकतो, हे विचारण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे.

बिअर यांच्या आयुष्यात गौरवाचे प्रसंग पुष्कळ आले, चुकाही झाल्या. तरी त्यांची खरी थोरवी कीलमधील त्या नऊ दिवसांत आहे, जेव्हा ते स्वतः रुग्ण होते. आपल्या औषधाचा त्रास त्यांनी स्वतःच्या शरीरावर सोसला आणि मगच, ते अजून पुरेसे चांगले नाही असे जगाला सांगितले. कण्यातील भूल अधिक काळ टिकावी म्हणून तेव्हापासून जे जे औषध तिच्यात मिसळले गेले, त्या प्रत्येकाला हीच कसोटी लावावी लागते. किती मिनिटे मिळाली, हे घड्याळ सांगते. ती मिळविताना रुग्णाला काय सोसावे लागले, हे मात्र त्याच्या उशाशी बसूनच कळते.